घरात न चालणारा पाय

मला ‘मिस्त्री’ म्हणणारी एकच बाई आयुष्यात भेटली, आणि तिची ती सवय मला शेवटपर्यंत मोडता आली नाही.

सांगलीतल्या आमच्या केंद्रात कृत्रिम पाय तयार होतात. मी त्याचं रीतसर शिक्षण घेतलंय, भिंतीवर प्रमाणपत्र आहे, अंगात पांढरा कोट असतो. लोक मला साहेब म्हणतात. काहीजण डॉक्टर म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्यांना मी दुरुस्त करत नाही. शालनताई पहिल्या दिवशी कुबड्यांवर आत आल्या. त्यांनी टेबलावरची हातोडी बघितली, कानस बघितली, प्लास्टरने भरलेले माझे हात बघितले आणि विचारलं, “मिस्त्री तुमीच का?”

मी त्यांना समजावलं. ही एक वैद्यकीय शाखा आहे, याला इतकी वर्षं शिकावं लागतं, वगैरे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं. मग मिस्त्री, पाय कवा मिळंल?”

शालनताई कोरेगावच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. वय पन्नाशीच्या अलीकडे, अंगानं काटक, नजर शिक्षण खात्याच्या तपासनिसासारखी. उसाची ट्रॉली बोळात मागे घेताना त्यांचा डावा पाय चाकाखाली गेला आणि गुडघ्याखाली काढावा लागला. त्याबद्दल मी काही हळहळ व्यक्त करायला गेलो, तर म्हणाल्या, “गेला त्यो गेला. त्येचं काय लोणचं घालायचंय? फुडचं बोला.” पुढचं म्हणजे त्यांची नोकरी. गावच्या शाळेत त्या पोरांचा दुपारचा भात शिजवायच्या. जायबंदी झाल्यापासून त्या जागी बदली बाई होती, आणि शाळेच्या समितीनं सांगितलं होतं की जून महिन्यात शाळा उघडताना शालनताई आपल्या पायावर उभ्या दिसल्या तर जागा त्यांची, नाहीतर बदली बाईची. शालनताईंना पाय हवा होता तो एवढ्यासाठी.

त्यांच्याबरोबर त्यांचे यजमान असत. लष्करातून निवृत्त झालेले हवालदार. गावात आणि घरात त्यांना सगळे हवालदारच म्हणत, शालनताईसुद्धा. माणूस सरळ, मिशीवाला, आणि कुठल्याही कागदावर शिक्का असला की त्याला सलाम ठोकणारा. माझ्याशी त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. ते इथं मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याचा मला पश्चात्ताप झाला.

पहिली कटकट मापाच्या वेळी झाली. आमच्या मापाच्या खोलीला तेव्हा दार नव्हतं, नुसती चौकट होती. समोर बाक, बाकावर नंबर लागलेली माणसं. मी म्हणालो, “ताई, साडी जरा गुडघ्याच्या वर घ्या.” बाई ढिम्म. पुन्हा सांगितलं. तरी ढिम्म. मी म्हणालो, “अहो, मी डॉक्टरसारखाच आहे.”

“तुमी असाल. त्यो बाकावर तंबाकू मळत बसलाय, त्यो बी डागदर हाय का?”

त्या दिवशी माप झालं नाही. प्लास्टर भिजवलेलं फुकट गेलं. मी हवालदारांकडे बघितलं, हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, आणि दोघांनीही मान हलवली. पुढच्या खेपेला बाई आल्या त्या पिशवीत सासूचं एक जुनं हिरवं नऊवारी लुगडं, सुतळी आणि दोन खिळे घेऊन. माझीच हातोडी मागून घेतली. हवालदारांना स्टुलावर चढवलं आणि चौकटीवर पडदा टांगला. मग आत बसून साडी वर घेतली आणि म्हणाल्या, “हं. घ्या आता माप.”

भिंतीला खिळे कुणी ठोकले म्हणून ऑफिसनं मला लेखी खुलासा विचारला. मी मनातल्या मनात बाईंना काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. पण पडदा राहिला. आणि काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मापाला येणाऱ्या बायका आता तोंड भिंतीकडे करून अंग चोरून बसत नाहीत. पाय नीट पुढे करतात, कुठे दुखतं ते बोट ठेवून सांगतात. अकरा वर्षं मी बायकांची मापं घेत होतो आणि निम्मी मापं पुन्हा घ्यावी लागायची. ‘बायकांची चामडी नाजूक’ असं त्यावर माझं शास्त्रीय मत होतं.

दुसरी कटकट पावलाची. आमच्या कपाटात रबरी पावलं सात, आठ आणि नऊ नंबरची. वर्षानुवर्षं हीच येतात. मी सात नंबरचं काढलं. शालनताईंनी ते आपल्या उजव्या पावलाशेजारी ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“ह्यो गड्याचा पाय हाय.”

“ताई, साडीखाली काही दिसत नाही.”

“मी एका पायानं बाई आन् एका पायानं बाप्या व्हय? आवं, हळदीकुंकवाला गेल्यावर बायका तोंडाकडं बगत न्हाईत, पायाकडं बगत्यात. कुणाची जोडवी केवडी, कुणाची झिजली. तुमाला काय म्हाईत.”

पाच नंबरचं पाऊल पुण्याहून मागवण्यात पाच आठवडे गेले. ते आलं, तर त्याची बोटं एकमेकांना चिकटलेली, नुसत्या रेघा मारलेल्या. त्यात जोडवं जाणार कसं? बाईंनी कटर माझ्या हातात दिला. मी सांगितलं की असं पाऊल कापलं तर कंपनी जबाबदारी घेत नाही, रबर फाटत जातं. त्या म्हणाल्या, “कंपनीला म्या कुठं हळदीकुंकवाला बोलावलंय?” शेवटी अंगठ्याशेजारच्या बोटाच्या दोन्ही बाजूंना मी दोन चिरा दिल्या. त्यांनी कमरेच्या पिशवीतून जोडवं काढलं, थुंकी लावून त्या बोटात सरकवलं, आणि त्यानंतरच ते पाऊल आपलं मानलं.

हे एवढं झाल्यावर पाय तयार झाला. दोन दांड्यांच्या मधून त्यांना चालवलं. मी आजवर बसवलेल्या पायांमधला हा एक उत्तम पाय होता. बाई तिसऱ्या दिवशी दांड्या सोडून चालल्या. मी खूश, हवालदार खूश. ते बाजूनं “लेफ्ट, राइट, छाती बाहेर” करत होते, तेवढं सोडलं तर सगळं झकास होतं. गेली ब्याद एकदाची, असं म्हणून मी त्या दिवशी डबल चहा प्यायलो.

आठवड्यात बाई परत.

“मिस्त्री, पाय मागं ढकलतोय.”

चालवून बघितलं. सरळ चालत होता. केसपेपरवर ‘सराव कमी’ लिहून परत पाठवलं. पंधरा दिवसांनी ये रे माझ्या मागल्या. “उतारावरनं कुणीतरी मागं वढल्यागत हुतंय. गुडगा मागं जातोय.” पुन्हा चालवलं, बसवलं, उठवलं. पायात काडीचाही दोष नव्हता. केसपेपरवर मी या खेपेला सविस्तर लिहिलं : ‘तक्रार आढळली नाही. रुग्णाचा सराव कमी.’ तिसऱ्या खेपेला हवालदारांनी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. अंगणात बाई तरातरा चालताहेत.

“ह्यात तर छान चालताय की!”

“भाईर बरा चालतोय. तुमच्यात बरा चालतोय. घरात शिरला की अंगात आल्यागत करतोय. मिस्त्री, त्येला माझं घरच आवडत न्हाई.”

आता यावर माणसानं काय बोलावं? मी म्हणालो, “ताई, नाचता येईना अंगण वाकडं, अशातली ही गत झाली.” हवालदार मोठ्यानं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी केसपेपरकडे वळलो आणि पुन्हा तेच लिहिलं : ‘सराव कमी.’

त्याच खेपेला त्या दांड्यांमध्ये चक्कर येऊन बसल्या. ऊन नव्हतं, ताप नव्हता. नर्सनं विचारल्यावर कळलं की आदल्या संध्याकाळपासून घोटभर पाणीही घेतलेलं नाही. कोरेगावहून पॅसेंजरनं यायचं, गाडीतल्या संडासात जाता येत नाही, आणि आमच्याकडे येऊन तरी काय?

“पिऊन जाऊ कुठं?” त्या म्हणाल्या. “तुमचा संडास बगितलाय का कवा तुमी?”

रोज बघत होतो. खाली बसायचा, धरायला दांडी नाही, फरशी ओली. ज्या इमारतीत पाय बनतात तिथे एका पायाच्या माणसाला बसता येत नव्हतं. पुरुषांची अडचण कशीबशी उभ्यानं भागत होती, त्यामुळे कुणी बोललंच नव्हतं. मी ऑफिसला अर्ज दिला. उत्तर आलं, विचाराधीन आहे. तेव्हा चिडून मी एका प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, पाय जमिनीला पक्के केले आणि भिंतीला लोखंडी नळी ठोकली. पुढच्या खेपेला बाईंनी ती खुर्ची दोन्ही हातांनी हलवून बघितली.

“आता खरं मिस्त्री झालासा,” म्हणाल्या.

मला राग आला आणि बरंही वाटलं.

पण पायाचं रडगाणं काही संपेना. जून उजाडला, शाळा उघडली, बाई कामावर रुजूही झाल्या. चौथ्या खेपेला मी अक्षरशः हात जोडले. “ताई, पाय चांगला आहे. तुम्ही घरात चालतच नाही, बसून राहता, म्हणून सवय होत नाही. हवालदार, तुम्ही सांगा.” हवालदार म्हणाले, “प्रॅक्टिस कमी हाय साहेब. मी रोज बोंबलतोय.” दोन पुरुषांचं एकमत झालं आणि केसपेपरवर चौथ्यांदा तीच ओळ पडली.

जुलैमध्ये आमचं कोरेगावात शिबिर होतं. दुपारी सामान आवरत होतो, तर फाटकात शालनताई उभ्या. चेहरा असा की मी नमस्कारही विसरलो.

“चला. साळंत.”

“का? काय झालं?”

“वाटंत सांगते.”

हवालदारांच्या जुन्या जीपमध्ये त्यांनी सांगितलं. दहा दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात धुतलेल्या तांदळाचं घमेलं घेऊन त्या मागच्या मागे पडल्या. तांदूळ सगळीकडे. नेमके समितीचे अध्यक्ष दारात. ते म्हणाले, आज तांदूळ होता, उद्या उकळती आमटी असली आणि पोरं जवळ असली तर? त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. त्यांनी बदली बाईला परत बोलावलं आणि आजाराचे कागद मागवले. हवालदारांनी शिस्तीत सगळी फाईल नेऊन दिली, आमच्या केसपेपरसकट. आज दुपारी बैठक होती, आणि बदली बाईला कायम करायचं जवळजवळ ठरलं होतं.

“मग मी येऊन काय करू?”

“पाय बगा. आमच्यातला बगा. तुमच्यातला लय बगितलासा.”

शाळेचं स्वयंपाकघर म्हणजे मागच्या बाजूची पत्र्याची खोली. गॅसची शेगडी, पाण्याचं पिंप, गुळगुळीत ओली फरशी. पोरांची पंगत उठून गेली होती. शालनताई दाराच्या पायरीवर बसल्या. साडी सावरली, सँडलचा मागचा पट्टा सोडला, आधी उजवी, मग डावी. दोन्ही सँडल नीट जोडीनं भिंतीकडेला ठेवल्या. मीही बूट काढले. त्या उठल्या आणि उंबरा ओलांडून त्यांनी एक पाऊल टाकलं.

एकच पाऊल. पायाची नळी मागे कलली, गुडघा मागे गेला, आणि त्यांनी चौकट धरली.

मी वाकून ती सँडल उचलली. चांगली, तपकिरी, मागे पट्टा असलेली, आणि टाच दोन बोटं उंच. रबरी पाऊल चप्पल धरून ठेवू शकत नाही, म्हणून मागे पट्टा असलेलीच घ्या असं आम्हीच सांगतो. कोरेगावच्या दुकानात बायकांच्या पट्टेवाल्या जोडात त्यांना ही आवडली. सांगलीला यायचं म्हणून प्रत्येक खेपेला त्या हीच घालून आल्या. आणि मी प्रत्येक खेपेला त्या टाचेवर पायाचा तोल लावला, त्या टाचेवर चालवून बघितलं. व्हिडिओसुद्धा अंगणातला, सँडल घातलेला. घरात शिरताना ती दाराबाहेर निघत होती, आणि टाच गेली की पाय मागे कलत होता.

“दिवसातून ही सँडल पायात किती वेळ असते?” मी विचारलं.

“तुमच्याकडं येताना. आन् कवातरी बाजारला. घरात कोण पायताण घालतंय? आन् अन्नाम्होरं?”

“मग हे सांगितलं का नाही मला?”

“तुमी इचारलं व्हतं?”

नव्हतं विचारलं. मी ज्या घरात वाढलो तिथे चपला दाराबाहेर. आजही संध्याकाळी घरी गेलो की मी त्या दाराबाहेरच काढतो. पुरुष येतात ते सपाट चपलेत, त्यामुळे कधी अडलं नाही. आणि एक बाई चार वेळा येऊन स्वच्छ मराठीत सांगत होती की पाय घरात चालत नाही, तेव्हा मी तिला म्हणी ऐकवत होतो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

खिशात स्क्रू फिरवायची चावी होती. घोट्याजवळचे चार स्क्रू ढिले करून पाऊल सपाट जमिनीला बसवायला दहा मिनिटं लागली. दहा मिनिटं! बाई उठल्या. शेगडीपासून पिंपापर्यंत गेल्या, परत आल्या. मग घमेलं पाण्यानं भरलं आणि ते घेऊन गेल्या, परत आल्या. थेंब सांडला नाही. हवालदारांनी “लेफ्ट” म्हणायला तोंड उघडलं, बाईंनी बघितलं, त्यांनी ते मिटलं.

“म्हंजी सराव कमी न्हवता,” बाई म्हणाल्या.

“नव्हता.”

“माजं चुकत न्हवतं.”

“नाही.”

“मग ह्ये तितं जाऊन सांगा.”

मी म्हणालो, बैठकीत बाहेरच्या माणसानं कशाला, मी दाखला लिहून देतो. तिथल्या तिथे लिहिलाही : ‘पायाची आवश्यक ती दुरुस्ती केली आहे.’ त्यांनी तो हातात घेऊन अक्षर अक्षर वाचला.

“दुरुस्ती केली म्हंजी काय? बिगडिवला कुणी, त्ये न्हाई ह्यात.” मग पिशवीतून आमच्या केसपेपरची झेरॉक्स काढून माझ्यासमोर धरली. चारही ओळींखाली कुणीतरी लाल पेन ओढलेलं होतं. “ह्ये तुमचंच अक्षर न्हवं? अध्यक्षांनी समद्या लोकांत ह्येच वाचून दावलं मला. सराव कमी, सराव कमी. आवं, मी पडून पडून ढुंगाण काळंनिळं केलं, आन् कागदावर मी आळशी.”

मी तो दाखला परत घेऊन खिशात घातला आणि बैठकीकडे निघालो.

मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत अध्यक्ष आणि समितीचे चौघेजण बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं. सांगितलं की पाय सुरुवातीपासून चुकीच्या उंचीवर बसवलेला होता, बाईंनी चार वेळा तक्रार केली होती, ती खरी होती, आणि मी ऐकली नाही.

“म्हंजे चूक तुमची?” अध्यक्षांनी विचारलं.

“होय. माझी.”

दाराशी पावलं वाजली. शालनताई भरलेलं घमेलं घेऊन आत आल्या, अनवाणी. सगळ्यांच्या खुर्च्यांमागून खोलीला एक फेरी घातली, घमेलं अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं आणि पदरानं हात पुसत उभ्या राहिल्या. मुख्याध्यापिका बाई हसू दाबत म्हणाल्या, “उद्या नेहमीच्या वेळेला या, शालनताई.” अध्यक्षांनी घमेल्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

मला वाटलं, सुटलो. बाहेर आलो तर बाईंनी पेन पुढे केलं. “कागूद ऱ्हायला.” त्या झेरॉक्सवरच्या चारही ओळी मी खोडल्या, खाली लिहिलं, ‘पाय चुकीचा बसवला होता’, आणि सही केली. सांगलीला परतल्यावर मूळ केसपेपरवरही तेच केलं. ऑफिसनं पुन्हा खुलासा विचारला, तो दिला.

त्याला आता दोन वर्षं झाली. शालनताई त्यानंतर सांगलीला आल्या नाहीत. आमच्या धंद्यात ज्याचं काम नीट होतं ते माणूस परत दिसत नाही. हिरवं लुगडं अजून चौकटीला आहे, एकदा किनारीला फाटलं तेव्हा नर्सनं टाके घातले.

त्या दिवशी निघताना मी बूट घालायला स्वयंपाकघराच्या पायरीशी गेलो. त्यांनी भिंतीकडेची सँडलची जोडी उचलून माझ्या हातात दिली.

“ह्ये घिऊन जावा. तुमच्यातच चालतंय ह्ये.”

मग रिकामं केलेलं घमेलं घेऊन त्या वळल्या आणि आत गेल्या. फरशी ओली होती. त्यांच्यामागे पावलं उमटत गेली, एक पाच बोटांचं, एक माझ्या दोन चिरांचं. शेगडीजवळ पोचल्यावर त्यांनी घमेलं उपडं घातलं, झाडू घेतला आणि मागे न बघताच म्हणाल्या, “मिस्त्री, जाताना दार वढून घ्या. माश्या येत्यात.”

मी दार ओढून घेतलं.